खोली भाड्याने, भिंत नाही

नानांनी आम्हाला खोल्या भाड्याने दिल्या तेव्हा एकच अट घातली. म्हणाले, "दोन्ही खोल्या तुमच्या. मोरी तुमची, ओटा तुमचा. पुढच्या खोलीतली दारासमोरची भिंत मात्र माझी. तिच्यावर खिळा मी ठोकणार, फोटो मी टांगणार, मीच उतरवणार. तुम्ही कॅलेंडरसुद्धा लावायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मंग देव कोठे लावू?"

"देवाला कुठलीही भिंत चालते, आक्का. फोटोला उजेड लागतो."

धुळ्यात नंबरांच्या गल्ल्या आहेत. त्यातल्या एका गल्लीत नानांचं घर होतं. रस्त्याच्या बाजूला त्यांचा फोटो स्टुडिओ, मागे ते आणि काकू राहायचे, आणि कडेच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. सासूबाई, आमचे हे, मी आणि माझी नणंद कुसुम. हे तेलाच्या गिरणीत फिटर होते. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. रंगीत फोटो तेव्हा सगळीकडे सुरू झाले होते, आणि नाना अजून काळ्यापांढऱ्यालाच धरून होते. रंगीत फोटो काढून मागितला की म्हणायचे, "लग्नाचा काढून देईन. भिंतीचा काढणार नाही."

पहिल्याच दिवशी शिडी घेऊन आले आणि तीन मोठे फोटो टांगून गेले. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, त्यांचे वाडवडील असतील. जवळ जाऊन पाहिलं तर एकात पुढे लांब नाक असलेली, हँडल फिरवून चालू करायची जुनी सर्व्हिस मोटार, म्हणजे एसटीच्या आधीची खासगी प्रवासी गाडी, चिंचेखाली उभी. दुसऱ्यात एका बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचं, धुराडं. तिसऱ्यात नुसती एक खिडकी, तिचं एक झडप उघडं आणि एक निखळलेलं. माणूस कुठेच नाही.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "जित्ता मानूस नही, मेला मानूस नही, देवबी नही," त्या म्हणाल्या. "मोटार टांगी गया हाऊ बाबा."

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे भिंतीवर काय लागतं ते ठरलेलं असतं. देव लागतात. घरातलं गेलेलं माणूस लागतं, हार घालून. नाहीतर आपलं स्वतःचं काहीतरी, म्हणजे लग्नातला जोडीचा फोटो, पोराला शाळेत मिळालेला कागद, शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलजोडीचा फोटो. जे भिंतीवर आहे ते घरचं आहे, असं न विचारता धरलं जातं. दुसऱ्याची वस्तू कोणी आपल्या भिंतीवर टांगत नाही.

शिंदखेड्याहून सासूबाईंची बहीण आली, तिने दारातच चपला काढल्या आणि धुराड्याच्या फोटोला हात जोडले. मग हळूच विचारलं, "कोना दर्गा शे हाऊ?"

"जिनिंग शे ती," सासूबाई म्हणाल्या.

मावशींनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "कापूसबी देवच शे."

दसऱ्याला तर सासूबाईंनीच सर्व्हिस मोटारीला हळदकुंकू लावलं आणि फ्रेमला झेंडूचा हार घातला. गाडी ती गाडी, कागदावरची असली म्हणून काय झालं. नाना आले, पाहिलं, आणि म्हणाले, "आक्का, हार घातल्यावर लोक विचारतील, गाडी कधी वारली." हार त्यांनी काढला नाही. तो वाळून आपोआप गळेपर्यंत तसाच होता.

माणसांचे फोटो नाना पोटासाठी काढायचे. लग्नं, नोकरीच्या अर्जाचे फोटो, शाळेच्या परीक्षेचे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते म्हणायचे, "श्वास घ्या. सोडा. झालं." गिऱ्हाईक म्हणायचं, अजून केस विंचरले नाहीत. "म्हणूनच आत्ता काढला." त्यावरून भांडणं व्हायची. काकू आतून ओरडायच्या, पुन्हा काढून द्या. नाना पुन्हा काढून द्यायचे, पण तोंड फिरवून. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कॅमेऱ्यापुढे आला की पोट आत घेतो. इमारत घेत नाही. जुनी गाडी तर मुळीच घेत नाही. म्हणून तिचा फोटो खोटं बोलत नाही.

गुरुवारी स्टुडिओ बंद. त्या दिवशी सकाळी सायकलला मागे लाकडी स्टूल आणि काळी छत्री बांधून नाना निघायचे. कधी पांझरेच्या पलीकडे देवपुरात, कधी एसटीत सायकल टपावर टाकून पारोळा, अमळनेर, थेट जळगावपर्यंत. रस्त्यात जुनं घर दिसलं, जुनी गाडी दिसली की समोरच्या पानटपरीवर बसून राहायचे. ऊन कुठून येतं, खांबाची सावली कधी हटते, ते बघत. लोकांना वाटायचं, म्युनिसिपालटीकडून मोजणीला आलेत. एकदा एका घरमालकाने घाबरून त्यांना जेवू घातलं. नानांनी जेवण केलं, आणि मग सांगितलं की मी फोटोवाला आहे.

फ्रेमासुद्धा विकतच्या नसायच्या. जुनं घर पाडलं की त्याच्या दारा-खिडक्यांचं लाकूड भंगारात येतं. ते आणून नाना स्वतः त्याला रंधा मारायचे. घर गेलं तरी त्याच्या चौकटीत दुसरं घर बसायचं. ते स्टुडिओतही टांगायचे, पण तिथली जागा नवरा-नवरींच्या फोटोंनी भरलेली. म्हणून आमची भिंत. दर महिन्या-दोन महिन्यांनी शिडी घेऊन यायचे, एक-दोन फोटो उतरवायचे, दुसरे लावायचे, आणि समोर उभे राहून बघायचे. आम्ही घरात आहोत हे तेवढ्यापुरतं विसरायचे.

येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा. कोणाची? कोणाची मोटार, कोणाचं घर? त्याचा नानांना फार राग. "कोणाची म्हणून काय विचारता? तुम्हाला विकत घ्यायची आहे का? कशी आहे ते विचारा."

कोणी तसं विचारायचं नाही.

सावद्याची गोष्ट नाना स्वतःच सांगायचे आणि सांगताना स्वतःवरच चिडायचे. तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे फार जुनी विलायती मोटार होती. गोठ्यात उभी, रंग उडालेला, दारावर गंजाचे ओघळ. नाना तिच्यावर भाळले. पण त्या दिवशी आभाळ होतं. म्हणून व्यापाऱ्याला सांगून आले, की पुढच्या गुरुवारी ऊन पडल्यावर येतो, फोटो काढायचा आहे. गुरुवारी गेले तर मोटार अंगणात, डोक्यापासून चाकापर्यंत पोपटी रंगवलेली, केळीचे दोन खुंट बांधलेले, आणि व्यापारी कोट घालून शेजारी उभा. फोटो काढायचा म्हणून बिचाऱ्याने सगळी हौस केली होती. नानांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलंच नाही. चहा घेतला नाही. परत निघाले तर मागच्या भिंतीला मोटारीचं एक दार टेकवलेलं दिसलं. बिजागरी तुटली म्हणून वेल्डिंगला गेलेलं, रंगवायचं राहून गेलेलं. नानांनी त्या एकट्या दाराचा फोटो काढला. व्यापारी बघतच राहिला. "नाना, पूर्ण मोटार सोडून दाराचा?" नाना म्हणाले, "मोटार तुम्ही पुसून टाकली. एवढीच उरली आहे."

तो दाराचा फोटो आमच्या भिंतीवर सहा महिने होता. मला तो फार आवडायचा.

मी तेव्हा परपुरुषासमोर बोलत नसे. नाना भिंतीसाठी आले की मी आतल्या खोलीत जायची. एकदा शिडीवरूनच त्या मोटारीच्या दाराच्या फोटोकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सूनबाई, तुम्ही दिवसभर या भिंतीसमोर असता. ही कशी आहे ते मला सांगा." ते शिडीवरून उतरले नाहीत. चहा गार झाला. शेवटी मी दाराआडून म्हटलं, "दाराला कोणीतरी टेकून बसल्यासारखं वाटतं."

ते खाली उतरले आणि शिडी घेऊन गेले. पण त्यानंतर प्रत्येक फोटो लावला की, "सूनबाई, कशी आहे?" असं विचारायचेच. मी चौथी शिकलेली, हे त्यांना काकूंकडून कळलं होतं. म्हणाले, "पुरे झालं. बघायला बाराखडी लागत नाही."

आता कुसुमच्या लग्नाचं सांगते, कारण नाना कसे होते ते मला त्यात कळलं.

कुसुम लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत डाग होता. दोन स्थळं डाग पाहून परत गेली होती. तिसरं पाचोऱ्याचं आलं. मुलगा खताच्या दुकानात कामाला, थोडी शेती, आई-वडील. सासूबाईंनी कुसुमसाठी मनगटापर्यंत बाहीचं पोलकं शिवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "याखेप तरी देव देखो."

पाहुणे जीपमधून आले. जुनीच जीप, लढाईच्या काळातली वाटावी अशी, पण जीप. गल्लीतली पोरं गोळा झाली. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पदर सारखा केला. "जीपवाला शेतस," त्या हळूच म्हणाल्या. त्या एका शब्दात किती धास्ती आणि किती आशा होती ते मला ऐकू आलं.

पाहुणे घरात आले आणि नाना रस्त्यावर गेले. त्यांना ती जीप दिसली होती. आम्ही आत पोहे देतोय आणि बाहेर नाना छत्री घेऊन जीपभोवती फिरताहेत, हे मला दारातून दिसत होतं.

मुलाच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. ते भिंतीसमोरच्या पाटावर बसले होते. मुलीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. बाकी सगळा वेळ भिंतीकडे. तिथे त्या दिवशी पुन्हा सर्व्हिस मोटार होती आणि जिनिंगचं धुराडं होतं. पोहे खाता खाता आबा म्हणाले, "मोटार जुनी शे, पन दणकट दिसस."

"हां," सासूबाई म्हणाल्या. "जुनीच शे."

"अन् जिनिंग?"

"बंद शे ती. भलता दिवस झायात."

आबांनी मान हलवली, मोठ्या घरात बसल्यासारखी पाठ ताठ केली, आणि पुढे काही विचारलं नाही.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे, पुढच्या आठवड्यात सुपारी फोडू. देण्याघेण्याचं काही बोलायचं नाही, ज्यांची मोटार सर्व्हिस होती, जिनिंग होतं, ते आपल्या लेकीला कमी करतील का, असं आबा म्हणाले आहेत.

निरोप्या गेला. मग हे म्हणाले, "आपण काही खोटं सांगितलेलं नाही."

"मी काय खोटं बोलनी?" सासूबाई म्हणाल्या. "जुनी शे म्हनं, जुनी शे. लगीन लागू दे, मंग भीत बदली टाकू." आमच्या बोलीत भिंतीला भीत म्हणतात.

कुसुम ताटं घासत होती. तिने पाणी ओतायचं थांबवलं आणि पुन्हा ओतायला लागली. मुलगा तिला आवडला होता, हे मला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. जाताना त्याने पोह्याची रिकामी ताटली स्वतः उचलून दिली, एवढंच ती म्हणाली होती.

गुरुवारी नाना शिडी घेऊन आले. सर्व्हिस मोटार उतरवायची होती. सासूबाई आडव्या आल्या. "नाना, महिनाभर हाई मोटार ऱ्हाऊ द्या."

नानांचा चेहरा जसा खुलला, तसा मी कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचा फोटो ठेवा असं कोणी म्हटलं नव्हतं. "आवडली, आक्का?"

"पाव्हणास्ले आवडनी."

"हो? काय म्हणाले? कशी वाटली म्हणाले?"

सासूबाई ओट्याकडे वळल्या. नाना शिडीला हात धरून लहान मुलासारखे वाट बघत उभे. मला ते बघवेना. मी आतल्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "नाना, त्यांना वाटलं, मोटार आपली आहे. जिनिंगही आपलं आहे. त्यावर सोयरिक ठरली आहे."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. नाना शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"म्हणजे माझा फोटो खोटं बोलला," ते म्हणाले.

हे गिरणीतून जेवायला आले तेव्हा नाना मोटारीचा फोटो चादरीत गुंडाळत होते. पाचोऱ्याला जाणार होते. ह्यांनी हात जोडले. "नाना, दोन स्थळं परत गेली आहेत. तुमचं यात काय जातं?"

"माझं जातं. तुमचंही जाईल. उद्या मुलगी तिथे नांदायला गेली, की सासरा दर सणाला मोटारीची वाट बघणार. ती मोटार येणार नाही. मग न आलेली मोटार रोज तिच्या ताटात वाढली जाईल."

"अन् सोयरिक मोडली मंग?" सासूबाई म्हणाल्या. "तिना जलम तुमी पोसशात?"

चादरीची गाठ हातात धरून नाना तसेच उभे राहिले. तेव्हा कुसुम म्हणाली, "दादा, जाऊ दे नानांना. मोडायचं असेल तर आत्ता मोडू दे. हळद लागल्यावर मला परत यायचं नाही."

हे म्हणाले, "मला तिथे जायला तोंड नाही. जी बोलली तिनेच जावं."

नाना माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून सासूबाईंनी अडवलं नाही. एसटीत नानांनी तो फोटो मांडीवर उभा धरला होता. कंडक्टरने आवाज खाली आणून विचारलं, "बाबा, कोण वारलं?"

"कोणी नाही. मोटार आहे."

"मोटार घेऊन एसटीत बसलात?"

"म्हातारी आहे. तिला खिडकीजवळ बसू द्या."

मला हसू आलं. नानांच्या पिशवीत आणखी एक फोटो होता, कागदात गुंडाळलेला. विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या जीपचा. बिघडला आहे. ऊन माझ्या पाठीवर होतं, माझं लक्ष नव्हतं. माझी सावली पडली आत." दाखवला. जीप उभी होती आणि पुढच्या चाकापर्यंत एक लांब सावली आलेली, छत्रीसकट. "माणूस आला की फोटो बिघडतो. पण जीप त्यांची आहे, त्यांना देऊन टाकू."

आबा ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. आम्हाला पाहून उठले, पाणी मागवलं. नानांनी पाणी प्यायच्या आधी चादर सोडली आणि फोटो भिंतीला टेकवून ठेवला.

"आबा, ही मोटार यांची नाही. माझीही नाही. पारोळ्याजवळ एका चिंचेखाली उभी होती, मी तिचा फोटो काढला. जिनिंगही यांचं नाही. भिंतसुद्धा यांची नाही, ती माझी आहे. या लोकांचा फक्त संसार आहे तिथे."

आबांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"तुमनी नही, तर भीतवर काबरं टांगी?"

"चांगली दिसते म्हणून."

"चांगली दिसस म्हनीसन दुसरानी मोटार कोनी टांगस का?"

"मी टांगतो."

आबा पुन्हा शेंगा निवडायला लागले. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या, म्हणजे मुलाची आई तिथे येऊन उभी होती. मला वाटलं, आता उठायला सांगतील. कुसुम घरी काय करत असेल ते मनात आलं. ती काहीच करत नसेल, नुसती बसली असेल.

नानांना मात्र शांतता कशाची आहे ते कळत नसे. त्यांनी पिशवीतून दुसरा फोटो काढला आणि आबांच्या हातात दिला. "ही तुमची जीप. बिघडलाय, पण जीप छान आहे. तुमची आहे म्हणून आणली."

आबा त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिले, की नानांना वाटलं, त्यांना तो आवडला. मग त्यांनी फोटो शेंगांच्या सुपावर ठेवला, जरा लांब.

"नाना," ते म्हणाले, "हाई जीप आमनी नही."

"नाही?"

"भडगावना एक वळखीना मानूसनी शे. पोर देखाले जावानं, म्हनीसन मांगी आनेल व्हती. मोठ्या गावना लोक, आपन एसटीथीन उतरशूत, बरं दिसाव नही."

दाराआडून आधी एक हसू आलं, दाबलेलं. मग आबांचे खांदे हलायला लागले. नाना मात्र गंभीरच होते. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, "बरं झालं. दोन्ही गाड्या मोकळ्या झाल्या. आता मुलगा-मुलीचं बोला."

आबांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा मला सरळ विचारलं, "पोरी, तूच सांग. तुनी ननंद कशी शे?"

कोणाची, असं नाही. कशी. मी नानांकडे पाहिलं. ते शिडीवर असायचे तसे वाट बघत होते.

मी सांगितलं. कळण्याची भाकरी चांगली करते, पोळी मात्र जाड होते. रागावली की दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच येते. आईजवळ कमी बोलते, माझ्याजवळ जास्त. खोटं तिला चालत नाही, नानांना इथे येऊ द्या असं तीच म्हणाली. आणि मग म्हटलं, "उजव्या हाताला भाजल्याचा डाग आहे, कोपरापर्यंत. त्या दिवशी बाही लांब शिवली होती."

आतून मुलाची आई म्हणाली, "ते माले ठाऊक शे. पोह्या देवाले ऊनी तवय बाही वर सरकनी व्हती. मी तवयच देखं."

"अन् माले सांगं नही?" आबा म्हणाले.

"तुम्ही मोटार देखी ऱ्हायंथात."

सुपारी ठरल्या दिवशीच फोडू, असं आबा म्हणाले. निघताना नाना मोटारीच्या फोटोला पुन्हा चादर बांधायला लागले, तर आबांनी चादरीचं टोक धरलं. "हाई आठेच ऱ्हाऊ द्या, नाना."

"तुमची कुठे आहे?" नाना म्हणाले. ते चिडवत नव्हते, खरंच विचारत होते.

"नही शे आमनी," आबा म्हणाले. "पन पोर येई ना नांदाले. नवं घर, नवा मानसं. तिले भीत तरी वळखीनी वाटी."

नानांनी चादर घडी करून पिशवीत ठेवली. परतीच्या एसटीत खिडकीजवळ आता ते स्वतः बसले. पारोळा ओलांडल्यावर, चिंच येऊन गेली, तेव्हा म्हणाले, "आजपर्यंत भिंतीबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं."

जीपचा फोटो आबांनी ठेवून घेतला नाही, आणि बिघडलेला फोटो नाना आपल्या भिंतीवर टांगत नसत. तो माझ्याकडे राहिला, ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

पुढे ह्यांना जळगावला काम मिळालं आणि आम्ही धुळं सोडलं. सोडताना नाना भिंतीवरचे खिळे मोजत होते, की आम्ही एखादा जास्तीचा ठोकला तर नाही. नव्वदच्या नंतर केव्हातरी जळगावला आमचं स्वतःचं लहान घर झालं. पहिल्याच दिवशी मी दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि ट्रंकेतली जीप काढून लावली. फ्रेम मी जुन्या लाकडाचीच करून घेतली होती. हे म्हणाले, "आणि देव कुठे लावायचे?" मी म्हटलं, देवाला कुठलीही भिंत चालते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, कारण मी कधी असं बोलत नसे.

कुसुम पाचोऱ्याला सुखात आहे. तिच्या घरी मोटार अजून आहे. आबा होते तोवर कोणी कोणाची म्हणून विचारलं, तर ते सुनेकडे बोट दाखवून म्हणायचे, "तिना माहेरनी भीत शे."

नाना एकदा जळगावला आमच्याकडे आले. म्हातारे झाले होते, सायकल सुटली होती, स्टुडिओ पुतण्याने रंगीत करून टाकला होता. छत्री मात्र होती. दारातून आत आले आणि समोर त्यांना ती जीप दिसली, त्यांची लांब सावली पुढच्या चाकापर्यंत गेलेली. चप्पल काढायची विसरून ते तिथेच उभे राहिले. मी चहा ठेवला. तो गार झाला. मी आत गेले नाही, त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"नाना," मी विचारलं, "कशी आहे?"

ते जवळ गेले. जीपकडे त्यांनी पाहिलंच नाही. काचेवर बोट ठेवून सावलीची छत्री, खांदा, डोकं असं वरून खाली शोधत गेले.

"बिघडलेली नाही," ते म्हणाले. "हा माणूस बरोबर जागी उभा होता."